गव्हाचे पथ्य आणि ज्वारीची भाकरी : सीलिॲक आजाराविषयी

गव्हाची कणीक घट्ट मळून तिचा गोळा पाण्याखाली सावकाश चोळत राहिल्यास पिठातील पांढरे सत्त्व पाण्याबरोबर वाहून जाते आणि हातात एक चिवट, रबरासारखा ताणला जाणारा लगदा उरतो. हा लगदा म्हणजे ग्लुटेन, अर्थात गव्हातील विशिष्ट प्रथिनांचा समूह. कणीक लाटता येते, पोळीला पदर सुटतात आणि पाव फुगून जाळीदार होतो, तो या चिवटपणामुळेच. ज्वारीच्या पिठात ही प्रथिने नाहीत, म्हणून ते पीठ ऊन पाण्यात मळावे लागते, लाटण्याऐवजी हाताने थापावे लागते आणि थापताना भाकरीच्या कडा फाटू नयेत यासाठी हात बसावा लागतो. नव्याने स्वयंपाक शिकणाऱ्या मुलीला जी उणीव जाचते, तीच उणीव सीलिॲक नावाच्या आजारात रुग्णाच्या जिवाला आधार ठरते, कारण या आजाराचा सगळा उपचार ग्लुटेन आयुष्यभर वर्ज्य करणे एवढ्यावरच उभा आहे.

सीलिॲक हा संसर्गाने होणारा आजार नाही, तो अपचनाचा किरकोळ प्रकार नाही आणि गव्हाची ॲलर्जीही नाही. ॲलर्जीत गहू खाल्ल्यावर थोड्याच वेळात अंगावर पित्त उठते किंवा धाप लागते. सीलिॲकमध्ये नुकसान हळूहळू आणि पुष्कळदा निःशब्दपणे होत राहते. शरीराची रोगप्रतिकारशक्ती, जी एरवी जंतूंशी लढते, ती ग्लुटेनचे अंश पाहून चेतते आणि स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. अशा आजारांना आत्मप्रतिरक्षाजन्य आजार म्हणतात. लहान आतड्याच्या आतील अस्तरावर बोटांसारखे असंख्य सूक्ष्म उंचवटे असतात, त्यांना उद्वर्ध म्हणतात, आणि अन्नातील लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वे व स्निग्धांश त्यांच्याद्वारेच रक्तात शोषले जातात. सीलिॲकमध्ये हे उद्वर्ध झिजून सपाट होतात, त्यामुळे ताटात पुरेसे अन्न असूनही शरीर उपाशी राहते. गव्हाबरोबरच जव, म्हणजे बार्ली, आणि राय या धान्यांतील प्रथिनेही हाच अपाय करतात.

या आजाराचे मूळ गव्हात आहे हे वैद्यकाला उशिरा उमगले. इंग्लंडमधील सॅम्युअल गी यांनी १८८८ साली लहान मुलांतील या आजाराचे नेमके वर्णन केले आणि तो बरा होणार असेल तर आहारानेच होईल असेही सांगितले, परंतु दोषी अन्न कोणते हे त्यांना सापडले नव्हते. नेदरलँड्समधील बालरोगतज्ज्ञ विलेम कारेल डिके यांना १९३० च्या दशकापासून गव्हाचा संशय होता. दुसऱ्या महायुद्धातील १९४४-४५ च्या भुकेच्या हिवाळ्यात तेथे पाव मिळेनासा झाला, तेव्हा भोवतालची माणसे खंगत असताना हीच आजारी मुले मात्र सुधारू लागली आणि पाव परत येताच पुन्हा आजारी पडली. त्यानंतर डिके यांनी १९५० च्या आपल्या प्रबंधात गव्हाचा हा संबंध सप्रयोग मांडला. पाव नाहीसा झाल्यावर बरी झालेली ती मुले लक्षात ठेवली, तर सोलापूरसारख्या भाकरीच्या मुलखात या आजाराकडे कसे पाहावे याची दिशा आपोआप मिळते.

दक्षिण सोलापूर तालुक्यातील, अक्कलकोटच्या मार्गावरील कुंभारी हे गाव या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे. एका बाजूस गावाभोवती रब्बी ज्वारीचा प्रदेश पसरलेला आहे. याच जिल्ह्यातील मोहोळच्या संशोधन केंद्राने निवडलेले मालदांडी ३५-१ हे वाण दख्खनभर पेरले जाते आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. दुसऱ्या बाजूस कुंभारीच्या परिसरात विडी कामगार स्त्रियांसाठी उभारलेली, २००६ साली हस्तांतरित झालेली दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत आहे, शिवाय असंघटित कामगारांसाठी नियोजिलेल्या तीस हजार घरांच्या रे नगर वसाहतीतील पंधरा हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये लाभार्थ्यांना मिळाली. कष्टकऱ्यांच्या या दाट वस्तीत रेशनचा गहू नियमित येतो, मालदांडी ज्वारीचा भाव मात्र अनेकदा गव्हाहून चढा असतो, आणि सकाळच्या चहाबरोबर बिस्किट, खारी किंवा टोस्ट हा मुलांचा रोजचा खाऊ झाला आहे. ज्या मुलखात आजोबांच्या ताटात पोळी सणासुदीला येत असे, तेथे नातवाच्या पोटात गहू दिवसातून तीन वेळा जातो.

हा बदल आजाराच्या दृष्टीने किती महत्त्वाचा आहे, याचा अंदाज २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका बहुकेंद्री भारतीय पाहणीवरून येतो. तीत सीलिॲकचे प्रमाण उत्तर भारतात १.२३ टक्के, ईशान्य भारतात ०.८७ टक्के आणि दक्षिण भारतात ०.१० टक्के आढळले. आजाराला अनुकूल असणारे एचएलए-डीक्यू २ किंवा डीक्यू ८ हे आनुवंशिक घटक मात्र तिन्ही भागांत साधारण तिघांपैकी एका व्यक्तीत होते. मोठा फरक होता तो गव्हाच्या प्रमाणात : उत्तरेत माणशी दिवसाला सुमारे ४५५ ग्रॅम, तर दक्षिणेत अवघा २५ ग्रॅम. ज्याच्या अंगी हा आनुवंशिक घटक आहे अशा प्रत्येकाला आजार होतोच असे नाही, किंबहुना बहुतेकांना तो होत नाही. तरीही उत्तर व दक्षिण यांच्या सीमेवर असलेल्या आणि भाकरीकडून पोळीकडे वळलेल्या जिल्ह्यात हा आजार उत्तरेकडच्या लोकांचा म्हणून सोडून देणे धोक्याचे आहे.

लहान मुलांत आजाराची चिन्हे बहुधा वरचे अन्न सुरू होऊन त्यात रव्याची खीर, दुधातले बिस्किट किंवा पोळीचा काला आल्यानंतर काही महिन्यांनी दिसू लागतात. वारंवार पातळ, दुर्गंधीयुक्त व चिकट शौच होते, पोट नगाऱ्यासारखे फुगते, हातपाय काडीसारखे होतात, मूल चिडचिडे होते आणि वजन व उंची यांची वाढ खुंटते. घरात त्यावर जंत झाले, मुडदूस आहे किंवा दृष्ट लागली असे निदान होते आणि महिने निघून जातात. काही मुलांत जुलाब मुळीच नसतात, उलट मलावरोध असतो. एखाद्या मुलाची केवळ उंचीच वाढत नाही, तर एखाद्या मुलीला वयात येण्यास फार उशीर होतो. जुलाब व उलट्या यांनी मूल अकस्मात निस्तेज झाले, लघवी कमी झाली, डोळे खोल गेले, तर ते आणीबाणीचे लक्षण मानून त्याच दिवशी रुग्णालय गाठले पाहिजे.

मोठ्या माणसांत, विशेषतः स्त्रियांत, हा आजार अधिक फसवा असतो, आणि या लेखाचा सर्वांत कळकळीचा आग्रह या मुद्द्याविषयी आहे. दिवसभर मांडी घालून विड्या वळणारी किंवा यंत्रमागाच्या कारखान्यात उभी राहणारी स्त्री थकलेली, फिकट आणि पाठदुखीने हैराण असेल, तर तिच्या थकव्याचे कारण कामात शोधले जाते आणि रक्तवाढीच्या गोळ्यांचे पाकीट तिच्या हाती ठेवले जाते. रक्तक्षयाची कारणे आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि बहुतेक वेळा ती साधीच असतात. परंतु लोहाच्या गोळ्या दोन-तीन महिने नियमित घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल, तर गोळ्यांचा डोस वाढवण्याआधी त्या शोषल्या जात आहेत की नाही हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. तोंडात पुनःपुन्हा येणारे व्रण, दातांच्या एनॅमलमधील दोष, हातापायांना मुंग्या, लहान वयात ठिसूळ झालेली हाडे, यकृताच्या तपासणीत कारणाशिवाय वाढलेली विकरे (एन्झाइम), वारंवार होणारे गर्भपात, वंध्यत्व, कोपर-गुडघे व नितंब यांवर उठणारे अतिशय खाजरे फोड, यांपैकी एकेक चिन्ह एकटेच दिसू शकते आणि पोटाची तक्रार मुळीच नसूही शकते.

दुर्लक्ष केल्यास होणाऱ्या हानीत रक्तक्षय, हाडांची झीज आणि मुलांची कायमची खुंटलेली उंची या गोष्टी सर्वांत जास्त आढळतात. हाडांची घनता एकदा कमी झाली की ती भरून येण्यास वर्षे लागतात, आणि वाढीची वर्षे हातून निसटली तर गमावलेली उंची परत मिळत नाही. गरोदरपणात आजार अनोळखी राहिल्यास गर्भपाताचा व कमी वजनाच्या बाळाचा धोका वाढतो. फार थोड्या रुग्णांत, विशेषतः ज्यांचे निदान उशिरा झाले किंवा ज्यांनी पथ्य पाळले नाही अशांत, लहान आतड्याचा लिम्फोमा हा कर्करोग उद्भवू शकतो; तो दुर्मीळ आहे, त्यामुळे त्याची भीती घालून रुग्णाला हतबल करणे अनुचित होईल, परंतु लक्षणे नाहीत म्हणून गहू खात राहणाऱ्यास तो ठाऊक असणे आवश्यक आहे.

निदानाच्या बाबतीत एक नियम इतर सर्व गोष्टींहून महत्त्वाचा आहे : तपासणी पूर्ण होईपर्यंत गहू सोडू नये. गहू बंद केल्याबरोबर रक्तातील खुणा ओसरू लागतात आणि आतडे भरून येऊ लागते. मग तपासणी निर्दोष येते आणि आजार आहे की नाही हे ठरवणे अतिशय कठीण होऊन बसते. शेजाऱ्याच्या सांगण्यावरून किंवा भ्रमणध्वनीवरील चित्रफीत पाहून आधी गहू सोडायचा आणि बरे वाटल्यावर डॉक्टरांकडे जायचे, हा क्रम नेमका उलटा आहे. सोलापूरकडील कुटुंबांना यात आणखी एक अडचण येते. जे घर मुख्यतः भाकरीवर जगते, त्या घरातील रुग्णाच्या पोटात मुळातच गहू कमी जातो आणि त्यामुळेही तपासणी फसवी निर्दोष येऊ शकते. म्हणून डॉक्टरांना दिवसाला किती पोळ्या, किती बिस्किटे, आठवड्यातून किती वेळा पाव किंवा रवा खाल्ला जातो, हे आकड्यांत सांगावे. ब्रिटनमधील मार्गदर्शक सूचनेनुसार तपासणीपूर्वी किमान सहा आठवडे रोज एकाहून अधिक जेवणांत ग्लुटेन असावे लागते. आपल्या रुग्णाला हे किती झेपेल, हे डॉक्टरांनी ठरवायचे असते.

पहिली तपासणी रक्ताची असते. तीत टीटीजी-आयजीए या नावाची प्रतिपिंडे, म्हणजे शरीराने स्वतःच्याच एका विकराविरुद्ध तयार केलेले संरक्षक पदार्थ, मोजली जातात. तिच्याबरोबर आयजीए या प्रतिपिंडाचे एकूण प्रमाण पाहणेही आवश्यक असते, कारण सीलिॲकच्या शंभरातील दोन-तीन रुग्णांत हा घटकच शरीरात जन्मतः कमी असतो आणि मग मुख्य तपासणी खोटा दिलासा देते. अशा रुग्णांसाठी आयजीजी प्रकारची वेगळी तपासणी करतात. रक्ताची तपासणी संशयास्पद आली की मोठ्या माणसांत दुर्बिणीने लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून, म्हणजे आद्यांत्रातून, अस्तराचे चार किंवा अधिक सूक्ष्म तुकडे काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. या तपासणीचे नाव ऐकून घरातील मंडळी घाबरतात, परंतु ती शस्त्रक्रिया नव्हे, आणि बहुतेक रुग्ण त्याच दिवशी घरी परततात. ज्या मुलांत प्रतिपिंडांचे प्रमाण कमाल मर्यादेच्या दहापट किंवा त्याहून अधिक आहे आणि रक्ताच्या दुसऱ्या नमुन्यातील ईएमए ही वेगळ्या प्रतिपिंडाची तपासणीही सकारात्मक आहे, त्यांच्या बाबतीत युरोपातील बालरोगतज्ज्ञांच्या २०२० च्या सूचना तुकडा न काढताही निदान मान्य करतात. हा निर्णय मात्र या विषयातील तज्ज्ञाचाच असला पाहिजे. आपल्याकडे आतड्याचा क्षयरोग, जिआर्डियासारखे परजीवी आणि उष्णकटिबंधीय स्प्रू हा आतड्याचा विकार यांची लक्षणे सीलिॲकसारखीच दिसत असल्यामुळे तुकड्याची तपासणी टाळण्याची घाई करू नये. कुंभारीत अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आणि सोलापुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे सर्वोपचार रुग्णालय असल्याने तज्ज्ञापर्यंत पोहोचण्यासाठी या परिसरातील रुग्णाला पुण्या-मुंबईची वाट धरण्यापूर्वी जवळच चौकशी करता येते. जाताना मुलाच्या वजन-उंचीच्या जुन्या नोंदी आणि आधीचे रक्ताचे सर्व अहवाल बरोबर न्यावेत.

निदान पक्के झाले की उपचार एकच : गहू, जव, राय आणि त्यांचे सर्व पदार्थ जन्मभर वर्ज्य. या आजारावर आहाराची जागा घेईल असे औषध अद्याप नाही. पथ्य किती काटेकोर असावे हे समजण्यासाठी एक हिशेब उपयोगी पडेल. ३० ग्रॅम कणकेच्या एका पोळीत साधारण अडीच ते तीन ग्रॅम ग्लुटेन असते. रोज केवळ ५० मिलिग्रॅम, म्हणजे पोळीच्या पन्नासाव्या भागाइतके किंवा त्याहूनही कमी, ग्लुटेन काही महिने पोटात गेले तरी आतड्याला इजा होऊ शकते असे प्रयोगांत दिसले आहे. त्यामुळे ‘एखाद्या घासाने काय होते’ किंवा ‘महिन्यातून एकदा चालेल’ या समजुतीला येथे जागा नाही, मग त्या एका घासानंतर पोट दुखो वा न दुखो.

या पथ्यासाठी महागडी खास पाकिटे विकत आणण्याची गरज कुंभारीतील कुटुंबाला सहसा नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, वरई, राजगिरा, साबुदाणा, शिंगाडा, सर्व डाळी व कडधान्ये, शेंगदाणे, तीळ, भाज्या, फळे, दूध, अंडी, मासे व मांस हे सर्व मुळात ग्लुटेनमुक्त आहेत. सीलिॲकच्या रुग्णांना ज्वारीचे पदार्थ देऊन त्यांची सुरक्षितता तपासणारा अभ्यास इटलीतील संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केला. तेथे ज्वारी हे परके धान्य होते, येथे ते घरचे आहे. उपवासाच्या दिवशी घरात जे शिजते ते जवळजवळ सगळेच या रुग्णाला चालते, ही गोष्ट नव्याने निदान झालेल्या मुलाच्या आईला सांगितली की तिच्या मनावरचे अर्धे ओझे उतरते.

खरी अडचण धान्यात नसून त्याच्या प्रवासात आहे. ज्वारी आणि गहू दोन्ही रब्बीची पिके असल्याने एकाच मळणी यंत्रातून निघतात, एकाच खळ्यावर पडतात आणि त्याच पोत्यांत भरली जातात; म्हणून ज्वारी आणली की ती पाखडून, ताटात पसरून, गव्हाचा दाणा न् दाणा वेचून, धुऊन व वाळवून मगच दळावी. त्यानंतर येते गिरणी. आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू दळला की चक्कीच्या दगडांत, नळीत आणि खालच्या पिशवीत पुष्कळ पीठ अडकून राहते आणि पुढच्या ज्वारीत मिसळते. ज्या घराने सगळा गहू हद्दपार केला आहे, त्या घरातील मुलाची प्रतिपिंडे वर्षभरानंतरही खाली येत नाहीत, तेव्हा दोष बहुधा येथे सापडतो. काही गिरण्यांत ज्वारीची व गव्हाची चक्की वेगळी असते; तशी गिरणी जवळ असेल तर गिरणीवाल्याला आजार समजावून सांगून, चक्की झाडून घेऊन, सकाळी गर्दीपूर्वी दळण न्यावे आणि पहिले किलोभर पीठ घरातील इतरांसाठी बाजूला काढावे. तरीही हवेत उडणारे गव्हाचे पीठ टाळता येत नाही, म्हणून रुग्ण लहान मूल असेल तर घरगुती चक्की, म्हणजे घरघंटी, हा खर्च औषधाचा खर्च समजून करावा आणि तिच्यात गहू कधीही घालू नये. शक्य असल्यास दोन-तीन रुग्णांच्या कुटुंबांनी मिळून एक चक्की घेतली तरी भागते. घरात जुने जाते असेल आणि त्यावर गहू दळला गेला असेल, तर ते दगडाच्या टाक्यांत पीठ धरून ठेवते हे ध्यानात असावे.

स्वयंपाकघरात सर्वांत घातक वस्तू म्हणजे पिठाची चाळणी, कारण तिच्या जाळीतले कण धुऊनही पूर्ण जात नाहीत. ती रुग्णासाठी वेगळीच हवी. लाकडी काथवट, पोळपाट व लाटणे यांच्या भेगांत कणीक मुरते, म्हणून रुग्णाची भाकरी वेगळ्या स्टीलच्या परातीत थापावी आणि त्या परातीला रंगाची खूण करावी. तवा वेगळा असल्यास उत्तम, नसल्यास आधी भाकरी व नंतर पोळी हा क्रम पाळावा. भाकरी थापताना हाताशी घेण्याचे कोरडे पीठ गव्हाचे नसावे, आणि ज्या तेलात पुऱ्या तळल्या त्या तेलात रुग्णाची भजी तळू नयेत. स्टीलची भांडी घासून स्वच्छ धुतली की पुरेशी असतात. ताट-वाटी वेगळी ठेवून रुग्णाला अस्पृश्यासारखे वागवण्याचे काहीही कारण नाही. रुग्ण स्वतः घरातील स्वयंपाक करणारी स्त्री असेल, तर कणकेला स्पर्श झाल्याने आजार बळावत नाही, परंतु उडालेले पीठ नाकातोंडावाटे पोटात जाते; तिने चाळण्याचे व मळण्याचे काम घरातील दुसऱ्या कोणाकडे द्यावे आणि त्या व्यक्तीने ते आनंदाने घ्यावे. सुनेच्या वेगळ्या जेवणाला नखरे म्हणणारे घर तिच्या आतड्याला जपू शकत नाही.

गहू अनेकदा दुसऱ्या नावाने ताटात येतो. मैदा, रवा, सोजी, दलिया, शेवया, कुरडया हे सगळे गहूच आहेत. खपली गहू पचायला हलका म्हणून प्रसिद्ध असला आणि त्याची खीर मधुमेह्यांना सुचवली जात असली, तरी त्यातही ग्लुटेन आहे आणि सीलिॲकच्या रुग्णाला तो पूर्णपणे वर्ज्य आहे. तो चालतो हा गैरसमज शिकल्यासवरल्या घरांतही आढळतो. बाजारातील बांधणीच्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो, म्हणून चिमूटभर हिंगाची आमटी रोजचे पथ्य मोडू शकते. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग पाकिटावरचा मजकूर वाचून निवडावा किंवा लसणाच्या फोडणीवर भागवावे. सातूचे पीठ, थालीपीठ व चकलीची भाजणी, धपाटे, शेंगोळ्या यांत गव्हाचा वाटा घरोघरी वेगळा असतो. मुलांच्या दुधात घालण्याच्या माल्टयुक्त भुकट्या जवापासून बनतात. सोया सॉस, तयार सूप, गुलाबजाम, हॉटेलातील दाट रस्सा, विकतची कडक भाकरी, यांविषयी प्रत्येक वेळी विचारले पाहिजे. ओट्स स्वभावतः वेगळे धान्य असले तरी बाजारातील ओट्समध्ये बहुधा गहू मिसळलेला असतो, म्हणून निदानानंतरचे पहिले वर्ष ते टाळलेले बरे. भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार ज्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन नाही त्यालाच ग्लुटेनमुक्त म्हणता येते. अशा पिठाचे ३०० ग्रॅम पोटात गेले तरी ग्लुटेन सहा मिलिग्रॅमच्या वर जात नाही. कोणतेही औषध, आयुर्वेदिक असले तरी, घेताना त्यात गव्हाचा अंश आहे का हे औषधविक्रेत्याला विचारावे.

सण आणि प्रसाद हा पथ्य मोडण्याचा सर्वांत सामान्य प्रसंग असतो, कारण सत्यनारायणाचा शिरा नाकारणे माणसांना जड जाते. यजमानाला आधी सांगितल्यास केळे, दूध किंवा राजगिऱ्याचा शिरा प्रसाद म्हणून मिळू शकतो, आणि देवाच्या दारात आजाऱ्याने पथ्य पाळल्याने कोणाचा अवमान होत नाही. या भागातील पुष्कळसे सण रुग्णाच्या बाजूचेच आहेत : भोगीची तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि मिसळभाजी, नागपंचमीच्या ज्वारीच्या लाह्या, वेळ अमावास्येची भज्जी, उंडे व अंबील, पंढरपूरचा चुरमुऱ्यांचा प्रसाद, आणि जानेवारीतला कोवळा हुरडा, शेंगांची चटणी व गूळ. वेळ अमावास्येची गव्हाची खीर आणि पुरणपोळी तेवढी बाजूला ठेवावी लागते. पुरण स्वतः चण्याच्या डाळीचे असल्याने ते कणकेत भरण्यापूर्वी वाटीत काढून तुपाबरोबर देता येते, किंवा तांदळाच्या उकडीत भरता येते. शाळेत जाणाऱ्या मुलाच्या वर्गशिक्षकांना लेखी कळवावे, वाढदिवसाच्या केकऐवजी देण्यासाठी शेंगदाण्याची चिक्की किंवा राजगिऱ्याचे लाडू शाळेत ठेवावेत, आणि मुलाला स्वतःला ‘मला गहू चालत नाही’ हे वाक्य न लाजता म्हणायला शिकवावे.

गहू गेला म्हणजे आहार पूर्ण झाला असे मात्र नाही. निदानाच्या वेळी लोह, फोलिक आम्ल, जीवनसत्त्व बी १२ व ड, कॅल्शियम आणि जस्त यांची कमतरता बहुधा असते आणि आतडे भरून येईपर्यंत ती गोळ्यांनी भरून काढावी लागते. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असते आणि बाजरीत सहा मिलिग्रॅमहून अधिक लोह असते, म्हणून केवळ भातावर भागवण्याऐवजी ही धान्ये आलटून पालटून घ्यावीत. ज्वारीचे पीठ आंबवून केलेल्या अंबिलीतून लोह अधिक चांगले शोषले जाते. जेवणात लिंबू घ्यावे आणि जेवणानंतर लगेच चहा पिऊ नये. सुरुवातीला काही रुग्णांना दूध पचत नाही, कारण दुधातील साखर पचवणारे विकर त्याच झिजलेल्या अस्तरात असते. काही आठवडे दही-ताकावर राहिल्यास ही तक्रार बहुतेकांत निवळते. मूल सुधारू लागले की त्याची भूक एकाएकी वाढते आणि पाकीटबंद ग्लुटेनमुक्त बिस्किटांतून साखर व तूप भरमसाट जाते, याकडेही लक्ष असावे.

पोटाच्या तक्रारी काही आठवड्यांत कमी होतात, प्रतिपिंडे खाली येण्यास सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत वेळ लागतो, आणि प्रौढांचे आतडे पूर्ववत होण्यास त्याहूनही उशीर होऊ शकतो. सहा महिन्यांनी, वर्षाने आणि पुढे दरवर्षी रक्ततपासणी, मुलांत दर भेटीस वजन-उंचीची नोंद आणि प्रौढांत हाडांच्या घनतेची तपासणी, एवढी शिस्त पाळावी. वर्षभर पथ्य पाळूनही सुधारणा नसेल, तर आजार हट्टी आहे असे मानण्यापूर्वी हिंगाची डबी, चाळणी आणि गिरणी पुन्हा तपासावी. ज्यांना केवळ वजन उतरवण्यासाठी किंवा चालू फॅशनपोटी गहू सोडायचा आहे, त्यांच्यासाठी हे पथ्य नाही. त्यांच्यामुळे ‘ग्लुटेन चालत नाही’ हे वाक्य हॉटेलात हलके घेतले जाते आणि त्याची किंमत खऱ्या रुग्णाला मोजावी लागते.

घरात एकाचे निदान झाले की आई, वडील, भावंडे व मुले यांची रक्ततपासणी, लक्षणे असोत वा नसोत, करून घ्यावी, कारण साधारण दहा-बारा निकटच्या नातलगांमागे एकाला हा आजार सापडतो. पहिल्या प्रकारचा, म्हणजे लहानपणीच इन्सुलिन लागणारा मधुमेह, थायरॉइडचा आत्मप्रतिरक्षाजन्य विकार, डाउन किंवा टर्नर लक्षणसमूह असलेल्या मुलांचीही तपासणी करणे योग्य ठरते. नातलगाची तपासणी आज निर्दोष आली तरी आजार पुढे कोणत्याही वयात सुरू होऊ शकतो, म्हणून ती काही वर्षांनी किंवा लक्षण दिसताच पुन्हा करावी लागते. मात्र एचएलए-डीक्यू २ व डीक्यू ८ हे दोन्ही घटक त्याच्यात नाहीत असे आनुवंशिक तपासणीत दिसले, तर त्याला हा आजार होण्याची शक्यता जवळजवळ उरत नाही. अशा भावंडाच्या ताटात पोळी निश्चिंतपणे वाढावी, फक्त तिची परात वेगळी ठेवावी.